पोटभर खून मंडळी

मुलगी : ...‘आणि पहिल्या दिवसापासून विनोदी नाटकंच करायची, असं मंडळींनी ठरवलं होतं.’ हे वाक्य बरोबर आहे ना, डॉक्टरकाका?

शिंपी : साफ चूक. खोड ते.

मुलगी : वाचनालयाच्या जुन्या अहवालात तसंच छापलंय.

शिंपी : छापणाऱ्याचं काय जातंय? आम्ही शोकांतिका करायला निघालो होतो, पोरी. तीन अंकी. काळे झगे मी स्वतः शिवले होते, याच मशीनवर. अकरा झगे.

आचारीण : आणि प्रेक्षक नऊ.

शिंपी : बाई, तुम्ही पडदे न्यायला आलात ना?

आचारीण : तुमचे पडदे अजून झालेत कुठे? तुमचं होईपर्यंत मी बोलणार. हिला सगळं नीट कळायला हवं. उद्या वाचनालयाच्या स्मरणिकेचं पान छापायला जायचंय म्हणते ना ती. तू लिही गं. नाट्यगृहाचं छप्पर दुरुस्तीला काढलं होतं, म्हणून ही सगळी मंडळी आमच्या खानावळीत तोंडं पाडून बसली होती. आमचे हे म्हणाले, वरची खोली घ्या, पण एक अट. येणारा माणूस जेवून गेला पाहिजे.

मुलगी : म्हणजे जेवता जेवता शोकांतिका.

आचारीण : हो ना. इकडे हे गळा काढून रडताहेत आणि तिकडे जेवणारे म्हणताहेत, जरा मीठ सरकवा.

शिंपी : तिसऱ्या अंकात तुझे बाबा मरायचे. नायक होता तो. पडला, डोळे मिटले, सगळीकडे शांतता. आणि दुसऱ्या टेबलावरच्या एक आजीबाई अगदी काळजीने म्हणाल्या, ‘अहो, उठा आता, सूप गार होतंय.’

मुलगी : हे मला माहीतच नव्हतं.

शिंपी : लोक एक वेळ गप्प बसले असते. पण मेलेल्या माणसाचं पोट हलायला लागलं. तुझ्या बापाला हसू आवरेना. डोळे मिटलेले, चेहरा गंभीर, आणि पोट गदागदा हलतंय. नऊच माणसं होती, पण खोली डोक्यावर घेतली त्यांनी. माझी शोकांतिका तिथेच संपली.

आचारीण : पुढच्या शनिवारी चाळीस माणसं जिन्यात उभी. सगळ्यांचं एकच, मेल्यावर हसतो तो माणूस आज आहे का? आमचे हे म्हणाले, मग मरू दे की त्याला दर शनिवारी.

मुलगी : आणि ‘पोटभर खून’ हे नाव?

आचारीण : फळ्यावर हे रोज लिहायचे, ‘पोटभर जेवण’. त्या दिवशी कुणीतरी ‘जेवण’ पुसून ‘खून’ लिहिलं. कुणी ते अजून कळलेलं नाही. माझा संशय तुझ्या बाबांवर आहे.

मुलगी : बरं, पुढे वाचते. ‘नाटक दर वर्षी बदलायचं, पण सांगाडा तोच. श्रीमंत, कंजूष रावसाहेब सूप पिऊन मरतात. संशयित चौघे : डॉक्टर, स्वयंपाकीण, पुतण्या आणि विम्याचा माणूस. पाहुणे जेवता जेवता इन्स्पेक्टरला प्रश्न विचारायला लावतात आणि गोड यायच्या आत प्रत्येक जण चिठ्ठीवर खुन्याचं नाव लिहितो. ज्याच्या नावाच्या चिठ्ठ्या जास्त, तोच त्या दिवशीचा खुनी.’

शिंपी : हे झकास लिहिलंयस. त्यात एवढं घाल, की प्रत्येकाला आपापला कबुलीजबाब तोंडपाठ ठेवावा लागायचा. कुणाची पाळी येईल, सांगता येत नव्हतं.

आचारीण : कसलं सांगता येत नव्हतं? माझीच यायची. स्वयंपाकिणीने विष घातलं हे लोकांना लगेच पटायचं, आणि तरी मेले तेच जेवण पुन्हा मागून घ्यायचे.

शिंपी : डॉक्टरचं काम माझं, मी फक्त दोनदा खुनी झालो. बावीस वर्षांत.

आचारीण : तुमच्या चेहऱ्यावर पापच दिसत नाही ना.

मुलगी : शाळेत बाईंनी मला विचारलं होतं, तुझे बाबा काय करतात? मी म्हटलं, मरतात. बाईंनी आईला बोलावून घेतलं.

आचारीण : अगं बाई! मग काय म्हणाली ती?

मुलगी : म्हणाली, फक्त शनिवारी. बाकीचे दिवस पाण्याचे मीटर वाचतात.

शिंपी : वहिनींनीच असं उत्तर द्यावं.

मुलगी : काका, आता ‘कामाची पद्धत’ म्हणून एक परिच्छेद हवाय. बाबा सुपानंतर पडायचे ते गोड येईपर्यंत टेबलाच्या कडेलाच पडून असायचे. पाऊण तास. कसं जमायचं त्यांना?

शिंपी : जमायचं कसलं? तो आणि मी मिळून जमवायचो. तो पडला की डॉक्टर म्हणून मी धावायचो, गुडघ्यावर बसून त्याची नाडी बघायचो. म्हणजे मनगट हातात घ्यायचं आणि एक बोट त्याच्या मुठीत सरकवायचं. त्याने बोट एकदा दाबलं, की सगळं ठीक. दोनदा दाबलं, की काहीतरी अडलंय. मुंगी चावतेय, पाठीखाली चमचा आलाय, शिंक येतेय. शिंक असली तर मी हळहळत त्याच्या तोंडावर रुमाल टाकायचो. तो रुमालाखाली शिंकून घ्यायचा आणि मी वर जोरात हुंदका द्यायचो.

मुलगी : म्हणजे नाडी तुम्ही बघायचातच नाही.

शिंपी : मी शिंपी माणूस. नाडी कुठे लागते, हे बावीस वर्षांत कधी शोधलं नाही.

आचारीण : चहा टाकू का गं? डॉक्टर, स्टोव्ह पेटतो ना तुमचा?

मुलगी : नको मावशी. शेवटचा परिच्छेद राहिलाय, तेवढा ऐका. ‘सहा वर्षांपूर्वी, प्रयोग संपल्यावर, टाळ्या स्वीकारून रंगपटात परतल्यावर रावसाहेबांना हृदयविकाराचा झटका आला आणि त्यांचं निधन झालं. त्यानंतर मंडळींनी प्रयोग केला नाही.’

शिंपी : ठीक आहे.

मुलगी : बरोबर आहे?

शिंपी : ठीक आहे, तसंच ठेव. तेवढं पुरे.

आचारीण : छान लिहिलंयस. आता तो पडदा दाखवा बघू मला. या कडेची शिवण जरा तिरकी नाही वाटत?

मुलगी : मावशी, पंधरा दिवसांपूर्वी माझ्या औषधाच्या दुकानात एक गृहस्थ आले होते. खोकल्याचं औषध घेतलं. मी कुणाची मुलगी ते कळल्यावर त्यांनी माझा हातच धरला. म्हणाले, तुमच्या वडिलांचा शेवटचा प्रयोग बघायचं भाग्य मला लाभलं. असा अभिनय पुन्हा होणे नाही. म्हणाले, वाढताना त्यांच्या हातावर कढत रस्सा सांडला, वाफ निघत होती, पण माणसाची पापणी हलली नाही. आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

(मशीन थांबतं.)

मुलगी : मी त्यांना सुटे पैसे परत द्यायचे विसरले. ते गेल्यावर मागच्या खोलीत जाऊन बसले. बाबांच्या उजव्या हातावर फोड होता, काका. इस्पितळात मी पाहिला होता. मला वाटलं, तिथल्याच कशाने तरी झाला असेल.

आचारीण : माझ्या हातून सांडला.

शिंपी : बाई...

आचारीण : नाही डॉक्टर, सहा वर्षं गप्प बसले, आता ही समोर बसून विचारतेय. वाटी कलली गं माझ्या हातातून. थेट हातावर. माझा जीव वरखाली झाला. आणि तो हलला नाही, तशी मी मनात म्हटलं, शाब्बास रे बहाद्दरा. असं म्हटलं मी. आणि पुढच्या टेबलाला वाढायला गेले.

मुलगी : म्हणजे तेव्हा ते गेलेले होते.

आचारीण : आता कळतंय की गेलेला होता.

मुलगी : काका, मला खरं सांगा. हे पान गेलं खड्ड्यात. मला सांगा.

शिंपी : सांगतो. मघाशी तुला बोटाचं अर्धंच सांगितलं. एकदा दाबलं तर ठीक, दोनदा दाबलं तर अडचण. आणि रुसला असेल तर दाबायचाच नाही. आमचं भांडण झालं असेल, तर मला मुद्दाम ताटकळत ठेवायचा. मी खाली बसून घामाघूम, आणि हा ढिम्म. बावीस वर्षांत चार-पाच वेळा तरी केलं असेल त्याने.

मुलगी : त्या दिवशी भांडण झालं होतं?

शिंपी : दुपारी इथे आला होता. तू बसलीयेस त्याच स्टुलावर बसला. म्हणाला, बावीस वर्षं मरतोय, आता एकदा मला इन्स्पेक्टर करू दे. एका तरी खेळात मला शेवटपर्यंत जगायचंय. मी कामात होतो, डोकं तापलेलं होतं. इन्स्पेक्टरचा कोट दुसऱ्याच्या मापाचा, तो सगळा उसवावा लागणार. मी वरसुद्धा बघितलं नाही. म्हटलं...

आचारीण : राहू द्या हो.

शिंपी : म्हटलं, तू मेलेलाच बरा दिसतोस. जिवंतपणी तुझ्याकडे कोण बघणार?

मुलगी : असं म्हणालात.

शिंपी : असंच. शब्दसुद्धा तेच. एकही शब्द विसरलो नाही. तो उठून गेला. संध्याकाळी रंगपटात आम्ही एकमेकांशी बोललो नाही. मग खेळ सुरू झाला. सूप संपवलं, गळा धरला आणि पडला. नेहमीपेक्षा छान पडला. मला वाटलं, रागाच्या भरात काम चांगलं होतंय याचं. मी धावलो, मनगट घेतलं, बोट सरकवलं आणि थांबलो. त्याने दाबलं नाही. आणि मला काय वाटलं सांगू? वाटलं, अजून रुसलाय. घे रुसून, मला काय.

मुलगी : आणि मग?

शिंपी : मग माझं वाक्य म्हटलं. ‘गेले! पण वाडग्यात थेंब ठेवला नाही.’ मोठा हशा आला. मी उठून खुर्चीवर जाऊन बसलो. मधे दोनदा डॉक्टरने मयताकडे बघायचं असतं, तसं नाटकात लिहिलेलंच आहे. मी बघितलं नाही. म्हटलं, तू रुसतोस तर मीही रुसतो. पाऊण तास मी त्याच्याकडे पाठ करून बसलो, पोरी. हात लांब केला असता तर पोचला असता.

मुलगी : कळलं कधी?

आचारीण : गोड आल्यावर. गोड आलं की तुझे बाबा ताडकन उठून बसायचे आणि विचारायचे, ‘माझी वाटी कुठाय?’ खेळातला सगळ्यात मोठा हशा तिथेच असायचा. लोक त्याचीच वाट बघत बसायचे. त्या दिवशी मी वाट्या मांडल्या, सगळे त्याच्याकडे बघताहेत, आणि हा उठेना. लोकांना वाटलं, आज जास्त ताणतोय. टाळ्या सुरू झाल्या. उठा रावसाहेब, उठा रावसाहेब, करत टाळ्या.

मुलगी : किती वेळ?

आचारीण : नको विचारूस गं. फार वेळ.

शिंपी : टाळ्या चालू असताना मी मागे वळलो. चेहरा बघितला आणि कळलं. शिंप्याला माणसाचं अंग कळतं. कापडाखाली माणूस आहे की नाही, ते कळतं. सुपानंतर बघितलं असतं तर तेव्हाही कळलं असतं.

मुलगी : आणि आईला तुम्ही सांगितलंत की खेळ पुरा झाला होता.

शिंपी : इस्पितळाच्या जिन्यात भेटल्या. चप्पल एका पायात एक, दुसऱ्यात दुसरी. मला म्हणाल्या, ‘भाऊजी, खेळ पुरा झाला का हो त्यांचा?’ दुसरं काही विचारलं नाही. मी म्हटलं, हो वहिनी, टाळ्या घेऊन गेला. मग सगळ्यांना गोळा करून सांगितलं, हेच बोलायचं. यांचा काही दोष नाही. मी सांगितलं म्हणून सगळे बोलले.

मुलगी : सहा वर्षं दर रविवारी तुम्ही आमच्याकडे येता. आईची पोलकी शिवता, तिला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेता. माझ्या लग्नात तर बाबांच्या जागी तुम्ही उभे होतात. मला वाटायचं, किती जीव होता यांचा बाबांवर.

शिंपी : होता. आहे.

मुलगी : मग हे सगळं कशासाठी?

शिंपी : जीव होता म्हणून. आणि भीती वाटायची म्हणून. दोन्ही खरं आहे, मला ते वेगळं करता येत नाही. दर रविवारी ठरवून यायचो, की आज सांगायचं. वहिनी चहा द्यायच्या, बशीत बिस्किट ठेवायच्या, आणि मी दुसरंच काहीतरी बोलून घरी जायचो. तुमचं घर सुटलं तर मला जायला दुसरं घर नाही.

मुलगी : मला तुमचा राग येतोय, काका.

शिंपी : येऊ दे.

मुलगी : उगाच बरं वाटावं म्हणून काही बोलणार नाही मी.

शिंपी : नको बोलूस. मला एकच सांग. तू औषधाच्या दुकानात असतेस, तुला ठाऊक असणार. तेव्हाच उचलून नेलं असतं तर वाचला असता?

मुलगी : पंधरा दिवस मी हेच घोकतेय. काही वाचतात, काही नाही वाचत. मला माहीत नाही. खरंच माहीत नाही.

शिंपी : नंतर शिकलो मी. नाडी कुठे असते ते. दवाखान्यातल्या नर्सबाईंकडून शिकून घेतलं. आता गिऱ्हाइकाच्या बाहीचं माप घेताना बोट आपोआप तिथे जातं. उडताना लागली की मगच टेप लावतो.

आचारीण : हे मला कधी बोलला नाहीत.

शिंपी : काय बोलायचं त्यात?

मुलगी : त्या दुपारी बाबा इथून घरी आले होते.

शिंपी : माझ्याबद्दल बोलला काही?

मुलगी : आल्या आल्या रागात होते. जेवले नाहीत. मग आरशासमोर उभं राहून इन्स्पेक्टरची वाक्यं म्हणायला लागले. मला हाक मारली. म्हणाले, ऐक आणि खरं सांग, कसं वाटतं.

शिंपी : कसं होतं?

मुलगी : चांगलं नव्हतं, काका. सगळं पाठ होतं, पण आवाज उगाच मोठा, हातवारे भलतेच. मीटर बंद पडल्यावर लोकांना दटावायचे तसं वाटत होतं.

आचारीण : अगं, मग तू काय सांगितलंस?

मुलगी : छान, म्हटलं. खोटंच. पण तेवढ्याने ते खूश झाले. उभ्या उभ्या दूध-पोहे खाल्ले. जाताना शीळ घालत होते. दारातून मला म्हणाले, पुढच्या शनिवारी डॉक्टरला पुन्हा विचारतो. तो आधी नाही म्हणतो, मग रात्रभर बसून कोट शिवून आणतो. आजवर असंच झालंय.

शिंपी : असं म्हणाला?

मुलगी : हसत म्हणाले.

शिंपी : म्हणजे रुसला नव्हता.

मुलगी : नाही.

शिंपी : रंगपटात मीच बोललो नाही. त्याने दोनदा माझ्याकडे बघितलं होतं. मला वाटलं, डिवचतोय. म्हणजे त्याने बोट दाबलं असतं.

मुलगी : हो काका. दाबता आलं असतं तर दाबलं असतं.

आचारीण : डॉक्टर, इकडे बसा बघू. हे पाणी घ्या. एवढी वर्षं तो रुसून गेला असं धरून बसलात होय तुम्ही? मला तरी एकदा विचारायचं. मला कुठे माहीत होतं म्हणा. आपण सगळे आपापलं पोटात ठेवून बसलो. मी त्या दिवसापासून हातात रश्श्याचं भांडं धरलेलं नाही. सुनेला सांगते, मनगट दुखतं.

मुलगी : आईला सांगावं लागेल.

आचारीण : तिला कशाला? सुखात आहे बिचारी. टाळ्या घेऊन गेले, एवढ्यावर तिने दिवस काढलेत.

मुलगी : ते गृहस्थ उद्या तिलाही भेटतील, मावशी. भाजी घेताना, बँकेत, कुठेही. कौतुकाने सांगतील, पापणी हलली नाही म्हणून. आणि तिथे तिच्याबरोबर कोणी नसेल. मी एकटी होते, मला माहीत आहे कसं वाटतं ते.

शिंपी : बरोबर बोलतेय ती.

मुलगी : मी सांगणार नाही, काका. ते तुमचं काम आहे.

शिंपी : माझंच आहे. जिन्यात उभ्या उभ्या खोटं बोललो होतो. आता समोर बसून खरं सांगतो. काय म्हणालो होतो दुपारी, तेही सांगतो.

आचारीण : आणि तिने घराबाहेर काढलं तर?

शिंपी : तर निघेन. त्यांचं घर आहे.

आचारीण : मी येते बरोबर. रस्सा मी सांडला होता, तो मलाच सांगू दे.

मुलगी : आई चारला उठते. आता सव्वातीन होताहेत. तुम्ही बोलत असताना मी आत बसणार नाही, जिन्यात थांबेन. आणि रविवारचं मला आत्ता काही विचारू नका. आई काय ते ठरवेल.

शिंपी : नाही विचारत. ते पान तुझं उद्या जायचंय ना?

मुलगी : शेवटचा परिच्छेद मी खोडलाय. काय लिहायचं ते मला सुचत नाहीये. तुम्ही सांगा, मी उतरवून घेते.

आचारीण : फार लांबवू नका, डॉक्टर. लोकांना एवढं कशाला?

शिंपी : नाही लांबवत. लिही, पोरी. रावसाहेब सुपानंतर गेले. आम्हाला गोडाच्या वेळी कळलं.